फेल्ड, आणि शेवटची आभाराची ओळ

॥ श्री ॥
कापेल आन डेन आयसेल
१४ मे २००५

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या लेखासाठी हवा होता तो डच शब्द 'फेल्ड' सापडला हो! द हेगच्या ग्रंथालयात सलग तीन शनिवार घालवले. फेल्ड म्हणजे झाडी-घरं नसलेलं मोकळं, सपाट रान. त्यावरून शेत, खेळाचं मैदान, रणांगणसुद्धा. हे लोक आफ्रिकेत गेले, तिथल्या अफाट गवताळ माळालाही तोच शब्द चिकटला. आणि गंमत ऐका, मूळ धातूचा अर्थ 'सपाट, पसरलेलं'. म्हणजे आपली 'पृथ्वी' त्याची चुलत बहीणच की! टिपणं वाचता वाचता माझा ट्रामचा थांबा चुकला.

एम.ए. होऊन दोन वर्षं इथे नुसतं घर सांभाळलं. पहिल्यांदाच वाटलं, आपल्यालाही काही येतं. प्रतीक म्हणतो, गवतावर कसलं आलंय संशोधन!

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.
तुमची शलाका

॥ श्री ॥
सातारा
६ नोव्हेंबर २००५

चि. सौ. शलाकास अनेक आशीर्वाद.

दिवाळी अंक पाठवला आहे. पृथ्वीच्या मुद्द्यावर मंडळी बेहद्द खूश. माझ्या लेखाची शेवटची ओळ प्रतीकरावांना दाखव: 'ही व्युत्पत्ती आमचे हॉलंडस्थित जामात श्री. प्रतीक यांनी परिश्रमपूर्वक मिळवून दिली.' तुझं नाव घातलं नाही. घरच्यांचे कुठे आभार मानतात? जावयाचा मान मात्र राखावा लागतो.

आता 'हेइडे', म्हणजे झुडपांचा ओसाड माळ, तेवढा बघ.

उभयतांना सुख लाभो.
बाबा

कापेल आन डेन आयसेल
२० नोव्हेंबर २००५

ती. बाबांना,
शि. सा. न.

अंक मिळाला. प्रतीकने स्वतःचं नाव वाचलं, हसला आणि अंक ऑफिसात दाखवायला घेऊन गेला. फेल्ड कशाशी खातात हे त्याला ठाऊक नाही. पण राग त्याचा नाही, तुमचा आलाय. शब्दांची गोडी मला तुम्हीच लावलीत ना?

पाठवणीच्या वेळी म्हणाला होतात, मुलगी दिल्या घरची, आता परकी. मग परकी म्हणून तरी आभार मानायचे! नाव घालायच्या वेळी बरी घरची झाले. माझे तीन शनिवार म्हणजे काय गायरान आहे, कुणीही येऊन चरावं?

'हेइडे'ची सहा पानं टिपणं तयार आहेत. ती पाठवणार नाही. लेख मीच लिहीन, माझ्या नावाने छापीन. त्यात तुमचं नाव नसेल, बाबा. घरच्यांचे कुठे आभार मानतात?

तब्येतीला जपा.
शलाका