मास्तरचं डोकं आणि नाल्याकाठचं वावर

मु. धामणखेडी, पो. देवळी, जि. वर्धा
रविवार, ता. ९ फेब्रुवारी १९५८

राजमान्य राजेश्री अण्णाजी यांच्या सेवेशी, धामणखेडीहून नत्थूजी भोयर, निवृत्त हेडमास्तर, याचा हात जोडून नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहिण्याचा रिवाज आहे म्हणून लिहितो. खरं काय ते पुढे कळेलच. आर्वीच्या थंडीनं आपल्या गुडघ्यांची तक्रार वाढली नसावी, वहिनींचा खोकलाही थांबला असावा. आपल्या भगिनी रुख्माबाई सुखरूप आहेत आणि त्यांचा आवाजही सुखरूप आहे. हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतलं आहे. पहिलं अर्धं झालं तेव्हा कोणाला लिहितो आहे तेच आठवेना (मायन्यावर पाण्याचा तांब्या ठेवला होता). दुसरं पुरं लिहिलं, पाकिटात घातलं, डिंक लावला, आणि ते पाकीट कुठे ठेवलं ते देवाला ठाऊक. सापडलं तर पाठवीन, म्हणजे आपल्याकडे दोन होतील.

गेल्या आषाढात तो फ्लूचा ताप गावोगाव आला, त्यानं आमच्या घरी आठ दिवस मुक्काम केला. ताप गेला, पण जाताना माझ्या डोक्यात कापूस भरून गेला. जिनातून पिंजून आलेला कापूस कसा असतो, वजन नाही पण जागा सगळी व्यापतो, तसं माझं सात महिन्यांपासून आहे. वाचायला घेतलं की ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात पुसली जाते. बत्तीस वर्षं मी पोरांना पाढे घोकवले, पावकी-निमकीसकट, आणि श्रावणात एकदा ओसरीवर बसून सतराचा पाढा म्हणत होतो तो सतरा सत्त्यावर जो थांबलो तो दिवे लागेपर्यंत तिथेच. कार्तिकात आमचे शेजारी बंडूजी वारले. मी त्यांच्या घरी बसायला गेलो, सगळ्यांबरोबर हळहळलो, चहा घेतला आणि उठताना त्यांच्या मुलाला विचारलं, बंडूजी कुठे दिसत नाहीत ते. त्या घरानं मला क्षमा केली आहे. रुख्मानं अजून केलेली नाही.

हे डोकं माझ्या एकट्याच्या उपयोगाचं असतं तर मी ते असंच वापरलं असतं; पेन्शनीत माणसाला डोकं लागतं किती. पण येत्या १९ तारखेला, बुधवारी, नायब तहसीलदार साहेब आमच्या चावडीवर चौकशीला येणार आहेत आणि त्यांना माझं डोकं पाहिजे आहे. आपल्याला आठवत असेल, पाच वर्षांमागे चैतात शाळेच्या पटांगणावर भूदानाची सभा झाली (आपण तेव्हा आमच्याकडेच मुक्कामाला होता आणि माझ्या शेजारी दौत धरून बसला होता). रामाजी पाटलांनी उठून पाच एकर दिलं आणि ते प्रेमदासच्या घरी जावं असं म्हटलं, कारण प्रेमदासनं त्यांच्याकडे वीस वर्षं सालदारकी केली होती. दानपत्र मी लिहिलं. नाव लिहिलं, गाव लिहिलं, पाच एकर आकडी आणि अक्षरी लिहिलं, आणि शेताच्या नंबराची जागा राहून गेली. पुढे कागद इकडून तिकडे फिरत राहिले, तेवढ्यात रामाजी गेले आणि प्रेमदासही गेला. रामाजींची वावरं दोन, दोन्ही पाच-पाच एकरांची. एक नाल्याकाठचं काळंभोर, आणि एक बरडीवरचं, जिथे तरोट्याचं तणसुद्धा विचार करून उगवतं. रामाजींचा मुलगा रूपराव म्हणतो, बापानं बरडीचं दिलं. प्रेमदासची बायको पंचफुला म्हणते, नाल्याचं दिलं. सभेतली बाकीची माणसं एकतर लांब बसली होती, नाहीतर आज रूपरावकडे कामाला आहेत. उरला दानपत्र लिहिणारा, आणि त्याच्या डोक्यात कापूस.

त्यामुळे माझं डोकं सध्या गावकीच्या मालकीचं आहे. कोणीही येतो आणि उपाय सांगतो. रुख्मानं भिजवलेले बदाम आणि ब्राह्मीचं तेल सुरू केलं. बदाम मी खाल्ले की नाही ते मला आठवत नसल्यानं ती कधी दुप्पट देते, कधी मुळीच देत नाही. देवळीच्या एका वैद्यांनी वायू डोक्यात चढला असं निदान करून नाकात थेंब सोडले. मी चावडीपासून घरापर्यंत शिंकत आलो, सोळापर्यंत शिंका मोजल्या आणि पुढे लय चुकली. मग तानबा आला. तानबा सेवाग्रामकडे दोन महिने राहून आला आहे. तिथे तो विहिरीवर पाणी ओढायला होता, पण परतला तो निसर्गोपचारवाला होऊन. त्यानं सांगितलं, डोक्यावर ओल्या काळ्या मातीचा जाड थर रोज सकाळी तासभर ठेवायचा. मी अंगणात तसा बसायला लागलो. आराम वाटत होता, खोटं कशाला बोलू. पण चौथ्या दिवशी रूपराव आला, माझ्याभोवती एक फेरी मारली, डोक्यावरच्या मातीचा चिमूटभर तुकडा बोटात चुरून पाहिला आणि तानबाला म्हणाला, "हे तं नाल्याकाठची माती हाय. मास्तरच्या डोक्स्यावर रोज नाल्याची माती ठेवान तं त्याईले नाल्याचंच आठवन ना."

अण्णाजी, मी बत्तीस वर्षं या गावाला शिकवलं, त्याचं फळ पाहा. पंच जमले, वाद झाला, आणि तोड निघाली ती अशी की माझ्या डोक्यावर एक दिवस नाल्याची माती ठेवावी आणि एक दिवस बरडीची. बरडीची माती डोक्यावर राहत नाही. ती कानावरून घरंगळते आणि खडे सदऱ्यात उतरतात. पंधरा दिवस मी हा न्याय डोक्यावर घेऊन बसलो. त्यात रूपरावला माझी दया आली आणि तो स्वतः थंडाईचा तांब्या घेऊन आला, म्हणाला, डोकं थंड राहिलं पाहिजे. मी प्यालो आणि सकाळी जो झोपलो तो दुसऱ्या दिवशी दुपारी उठलो. दुसरा तांब्या आला तो रुख्मानं बकरीला पाजला. बकरी दोन दिवस खुंट्याभोवती उलटी फिरत होती. मी कोणावर आळ घेत नाही; बकरीची प्रकृती पहिल्यापासूनच नाजूक आहे.

शेवटी रुख्मा मला वर्ध्याला एका डॉक्टरांकडे घेऊन गेली. भला माणूस. त्यांनी पापणी ओढून पाहिली, छाती तपासली, सगळं ऐकून घेतलं (मी दोनदा सांगितलं, दोनदा ऐकलं) आणि म्हणाले की अशा तापानंतर काही जणांचं डोकं महिनोन् महिने जड राहतं, हळूहळू उतरतं, याला रामबाण औषध नाही. झोप पुरी घ्यायची, सकाळी चालायचं, एका वेळी एकच काम करायचं, लक्षात ठेवायचं ते वहीत लिहायचं आणि काळजी करायची नाही. रुख्मा म्हणाली, "सुई नाई देत का?" ते नाही म्हणाले, तेव्हापासून ते खरे डॉक्टर आहेत यावर तिचा विश्वास नाही. पण मी त्यांचं ऐकलं आणि गुण आला. मातीला रजा दिली, नाल्यापर्यंत चालून येतो, दुपारी पडतो. आता पाढे बावीसपर्यंत जातात. शेवटचा सल्ला सोडून मी बाकी सगळे पाळतो.

वहीनं तर मला हात दिला असं म्हटलं पाहिजे. चष्मा कोनाड्यात आहे. बंडूजी वारले आहेत. रुख्माशी भांडण मिटलं आहे, पुन्हा सुरू करू नये. असं सगळं मी तीत लिहीत होतो आणि वही ओसरीवरच्या खुंटीला अडकवलेली असे. परवा उघडली तर एका पानावर ठळक लिहिलेलं, ‘रामाजींचं दान : बरडीचं वावर.’ चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पान उलटलं तर मागे, ‘रामाजींचं दान : नाल्याकाठचं वावर.’ दोन्हीकडे अक्षर माझं. तोच आखल्यासारखा माथा, तीच र ची लांब शेपटी, तोच उभा दंड. मग लक्षात आलं. अण्णाजी, या गावात चाळिशीच्या आत ज्याला म्हणून लिहिता येतं त्याचं अक्षर माझंच आहे. मीच हात धरून वळवलेलं आहे. रूपरावचं तसं, पंचफुलाच्या मुलीचं तसं, तानबाचं तसं. रुख्माला विचारलं, तर म्हणाली, "म्या लिवलं असतं तं शाई सांडली असती." मग दोन्हींतलं एक मी लिहिलं, की एकही नाही, हे सांगणारा कोणी उरला नाही. मी वही कुलपात ठेवली आहे आणि किल्ली कुठे ठेवली ते वहीत लिहून ठेवलं आहे.

रूपराव आता एक दिवसाआड येतो. बाजेवर बसतो, मायेनं बोलतो. "मास्तर, डोक्स्याले काऊन तरास देता? सायब इचारतीन तं सांगजा, आठोत नाई. बिमार मानसाले कोन काय म्हनन?" त्याचं म्हणणं ऐकायला इतकं सोपं असतं की तो गेल्यावर मला बरं वाटायला लागतं, आणि मग बरं वाटतं याची भीती वाटते. पंचफुला दर शुक्रवारी बाजारातून येताना थांबते. पूर्वी ती अंगणाच्या बाहेर उभी राहून जोहार घालायची. आता दीड वर्षापासून ओसरीच्या पायरीवर येऊन जयभीम म्हणते आणि बसते. मी वाट पाहत असतो की ती काही सांगेल, रामाजी असं बोलले होते, तसं बोलले होते, म्हणजे मला धरायला काही मिळेल. ती तब्येत विचारते, रुख्माशी अंबाडीच्या भाजीचं बोलते आणि उठते. गेल्या शुक्रवारी मीच म्हटलं, अगं, तू तरी सांग त्या दिवशी काय झालं. ती म्हणाली, "नाई गुरुजी. म्या सांगतलं तं ते माझं होईन. तुमी तुमचं आठवा." आणि टोपली उचलून गेली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी रुख्मावर विनाकारण ओरडलो. आपली बहीण म्हणून सांगत नाही, पण तिनं उलट ताट वाढून पुढे ठेवलं, हे मला तिच्या बोलण्याहून जड गेलं.

असो. पत्र लांबलं, क्षमा असावी. हरभरा बरा आहे. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. आपण कधी इकडे येणं केलंत तर आनंद वाटेल.

आपला,
नत्थूजी

ता. क. : ‘कधी येणं केलंत’ असं वर लिहिलं आहे, ते ‘बुधवारी १९ तारखेला सकाळी दहाच्या आत’ असं वाचावं. देवळीला उतरलात तर तानबाची बैलांची दमणी आणायला पाठवतो.

दुसरा ता. क. : आणखी एक दुरुस्ती. नंबराची जागा राहून गेली असं वर लिहिलं आहे. राहून गेली नाही. मी सोडली. वहीत कोणी काय लिहिलं ते मला खरोखर माहीत नाही, पण मला वहीची गरज नव्हती. ताप आला, पाढे गेले, बंडूजींचं मरण गेलं, पण ती दुपार गेली नाही. रामाजी उठून म्हणाले होते, "नाल्याकाठचं काळं वावर देतो. दान द्याचं तं पोट भरन असं द्याव, गोटे काऊन द्याचे?" मी टाक नंबराच्या जागेवर टेकवला आणि रूपरावनं मागून माझ्या कोपराला हात लावला. नंबर राहू द्या मास्तर, मी मागाहून सांगतो, एवढंच म्हणाला. शाळा ज्यांच्या हाती त्या जनपद सभेत त्याची उठबस होती, माझी पेन्शन दोन वर्षांवर होती, आणि बदली झाली असती तर कारंज्याकडच्या जंगलात. मी टाक उचलला. तुम्ही दौत धरली होती, अण्णाजी. तुम्ही पाहिलं, आणि बहिणीचं घर म्हणून गप्प राहिलात. मीही तुमच्याकडे पाहिलं नाही. डोक्याचं दुखणं खरं आहे, त्यातला शब्दही खोटा नाही. पण गेले सात महिने लोक मला विचारतात आणि मी त्या दुखण्याच्या आड बसून असतो. बुधवारी साहेबांनी विचारलं आणि तुम्ही समोर नसलात, तर माझ्या तोंडून ‘आठवत नाही’ निघेल. मला स्वतःची खात्री नाही, म्हणून बोलावतो आहे.

तिसरा ता. क. : येताना हे पत्र बरोबर आणावं. तुम्हाला पाहून मी ‘काय अण्णाजी, आज इकडे कसे?’ असं म्हटलं, तर ते डोक्यामुळे की भीतीमुळे याचा विचार करत बसू नका. दुसरा ता. क. साहेबांसमोर मोठ्यानं वाचा. त्यासाठीच खाली पुन्हा पूर्ण सही करून तारीख घातली आहे, आणि या वेळी एकही जागा रिकामी सोडलेली नाही.

नत्थू गणूजी भोयर, दानपत्र लिहिणार
ता. ९-२-१९५८