डोक्यावरून कानापर्यंत

गुरुजी, डाव्या कानानं मला अजूनही ऐकू येत नाही. हे तुम्हाला माहीत होतं, तरी सातवीपर्यंत तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, आणि मीही कधी तो विषय काढला नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. आज लिहायला बसले ती जुना राग उगाळायला नव्हे. राग आहेच, तो कुठं जातोय. पण गेल्या आठवड्यात असं काही घडलं, की ते ऐकायला तुमच्याशिवाय दुसरं माणूस मला सुचेना.

नेसरीजवळच्या तुमच्या शाळेत माझी आई, आमची अव्वा, मला घेऊन आली तो दिवस स्वच्छ दिसतोय. आम्ही सीमेपलीकडून ऊसतोडीला आलेलो, घरात सगळं कानडी. जन्मतारखेचा कागद नाही, म्हणून तुम्ही तुमची नेहमीची परीक्षा घेता: डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की मूल सहा वर्षांचं. "हात डोक्यावरनं घे आन् कान धर," तुम्ही म्हणता. मला एक शब्द कळत नाही. "घे की. बहिरी हाईस व्हय?" पोरं हसतात. सगळे हसताहेत म्हणून मीही हसते, आणि तुमचा हात येतो. कानात काहीतरी फाटतं, मग त्या बाजूला आवाजच उरत नाही. फ्रॉकच्या गळ्यावर रक्त उतरतं. अव्वा ओरडली नाही. तिनं वाकून तुमच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मला तिथंच सोडून कामावर गेली. शाळेत घालताना सगळ्यांच्याच पोरांना असं मारत असतील, असं तिला वाटलं होतं. हे तिनंच पुढं मला सांगितलं, आणि तिच्यावर मी आयुष्यभर चिडून राहिले.

अप्पांना तसं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी ते कोयता घेऊनच वर्गात शिरले. नशीब तुमचं, की मुठीच्या बाजूनं मारला. तुमची भुवई फुटली, तुम्ही पाट्यांवर कोसळलात, तरी ते छातीत लाथा घालत होते. शेवटी सातवीच्या पोरांनी त्यांना ओढून बाहेर काढलं. मी दारातून बघत होते आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं. तुम्ही पोलिसांत गेला नाहीत. दोन दिवसांनी पट्टी बांधून आलात आणि मला पुढं बोलावलंत. भीतीनं माझा फ्रॉक ओला झाला. तुम्ही स्वतःचा हात स्वतःच्या डोक्यावरून नेलात, कान धरलात आणि तसेच उभे राहिलात. मग मीही हात नेला. बोटं माझ्या कानातल्या कापसाच्या बोळ्याला लागली. "पोचला की हात," म्हणालात आणि नाव लिहिलंत. त्यानंतर मला काहीही सांगायचं झालं की तुम्ही आधी करून दाखवायचात. पाटीसुद्धा पुसून दाखवलीत. चिंचेची फोक मात्र सगळ्यांच्या हातांवर होती तशीच पडत राहिली, माझ्याही.

मी आता कोल्हापुरात, फौंड्रीच्या भागातल्या सरकारी शाळेत मुख्याध्यापिका आहे. कान धरायची परीक्षा कधीच गेली. कागद नसला तरी नाव घालायचंच असतं. गेल्या सोमवारी एक ओडिया कामगार मुलीला घेऊन आला. सात-आठ वर्षांची असेल. मी मराठीत नाव विचारलं, मग हिंदीत. ती फरशीकडं बघत राहिली. "घाला की नाव म्याडम," शेजारी बसलेल्या आमच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, "बोलंल की हळूहळू." ऐकायला हवं होतं. पण मी तिसऱ्यांदा विचारलं, आवाज चढवून. बाप घाबरला, पोरीला शाळेत घेणार नाहीत असं त्याला वाटलं असणार. त्यानं तिच्या पाठीत बुक्की घातली, केस धरून डोकं लोखंडी कपाटावर आपटलं. "बोल! नाम बोल!" मी टेबलावरची लाकडी पट्टी उचलली आणि त्याच्या मनगटावर ओढली. एकदा नाही, तीनदा. तशी ती पोर मध्ये घुसली आणि बापाला वाचवायला तिनं माझ्या हाताला कडकडून चावा घेतला.

माझा हात वर गेला आणि थांबला, असं मी घरी सांगितलंय. थांबला नाही. तिच्या कानावर बसला.

मी स्वतः तिला दवाखान्यात नेलं. पडदा शाबूत आहे. नावही त्याच दिवशी पटावर घातलं, पण आठवडा झाला, ती आलेली नाही. उद्या त्यांच्याच गल्लीतल्या एका ओडिया बाईला सोबत घेऊन त्यांच्या खोलीवर जाणार आहे. आधी ती बाई बोलेल, मी गप्प बसेन. एवढं करूनही पोर आली नाही, तर ती माझ्यामुळं शाळेबाहेर राहिली, एवढं मला कळतं.

हे पत्र टेबलाच्या खणातच राहील. पण एक गोष्ट राहिली. त्या थपडेनंतर बाप सुजलेलं मनगट पोटाशी धरून वाकला आणि त्यानं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. इथं नाव असंच घालतात, असं त्याला वाटलं असेल. गुरुजी, मी पाय मागं घेतले नाहीत.