सत्त्याण्णवच्या पुढची संख्या

९ जून २०२५, सोमवार

काल लिहिलं ते चूक. १०,००,००१ ही मूळ संख्या नाही.

मी ९७ पर्यंतच भागून पाहिलं होतं. तिचं वर्गमूळ हजाराच्या किंचित पुढं — म्हणजे हजारापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी पाहायला हवं होतं. आज पुढची घेतली, १०१. लगेच भाग गेला! १०१ × ९९०१.

काल ९७ ला का थांबले, तेही लिहिते. शेजारच्या खोलीत माझा थोरला भाऊ जोतिबाअण्णा वहिनीला मारत होता. असं सुरू झालं की मी मोठी संख्या घेऊन भागत बसते. ७ ला कपबशी भिंतीवर फुटली. २३ ला पाट. ४१ ला तिचं डोकं कट्ट्यावर आपटलं — तो आवाज वेगळा असतो. ९७ ला सगळं गप्प झालं. मी खाली ‘मूळ’ लिहून वही मिटली.

१० जून

दुसरी चूक. ही मुद्दाम केलेली.

परवा निपाणीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा पूर्णिमावहिनीचा उजवा हात मनगटातून लोंबत होता. पोलीस आला. जबाब कानडीत. “लिहायला कुणाला येतंय?” घरात शिकलेली मी एकटी. वहिनी म्हणाली, “लिही गं, ह्यानंच मारलं.” अण्णा माझ्या कानाशी — “लई शिकलीस न्हवं? पाय घसरला म्हणून लिही. न्हायतर सोमवारी परीक्षेला कशी जातीस बघतो.”

मी लिहिलं : मोरीत पाय घसरून पडले.

वहिनीचं माहेर कागलकडचं. तिला कानडी येत नाही. तिनं डाव्या हातानं सही केली.

१२ जून

आज पुन्हा! प्लास्टरच्याच हातावर. एका हातानं भाकरी थापता येईना म्हणून. मी मधे पडले. कानाखाली बसली. अजून गुणगुणतंय. आई दारातून — “तू सर बाजूला, परीक्षा हाय तुझी!”

१३ जून

९९०१ मात्र मूळ आहे. वेगळं तपासावं लागलं नाही. तिचं वर्गमूळ शंभराच्या आत. तिला कशानं भाग गेला असता तर रविवारीच सापडला असता. रविवारचं काम चुकीचं नव्हतं. अर्धवट सोडलं, एवढंच.

१४ जून

वहिनीची वेणी घालताना सगळं सांगून टाकलं.

ती वळलीसुद्धा नाही. “ठाव हाय गं. लेकीला, सौम्याला पहिलीचं पुस्तक शिकवता शिकवता मी बी कानडी शिकलेय. वाचूनच सही केली.” मग म्हणाली, “तुझी परीक्षा हाय न्हवं? वेणी घट्ट घाल.”

१५ जून

उद्या, सोमवार १६ जून. पेपर साडेदहाला. वहिनीला दवाखान्यात प्लास्टर दाखवायचंय. दोघी एकाच बसनं जाणार, कुणी अडवणार नाही.

साडेदहाला मी पोलीस ठाण्यात असेन.