डावीकडची रिकामी खुर्ची

आदरणीय रामाजीभाऊ,

चंद्रपुराहून जलालुद्दीन मास्टरचा जोहारही घ्या अन् सलामही घ्या. बॅण्डपार्टीत तीस वर्षं दोन्ही चालले, आता एकावर काऊन भागवायचं? तब्येत कशी आहे? आलापल्लीच्या हवेनं गुडघा नरम पडला, का सोमारीबाईच्या हॉटेलात भजे तळत बसून आणखीनच आखडला? (तुमच्या पोरीचे भजे मले लय आठवतात. तुमी तेवढे आठवत नाई, हे सुरुवातीलेच सांगून ठेवतो.) इकडं सगळे मजेत. तुमच्या सुलतानाभाभीची शुगर जागेवर आहे, म्हणजे जिथं वर होती तिथंच आहे.

दोन वर्षांआधी डीजेच्या गाड्या आल्या, आपला बॅण्ड बसला, अन् तुमी आपला सॅक्सोफोन माझ्या ओसरीवर ठेवून, "भंगारात टाकजो," म्हणून पोरीकडं निघून गेले. मागं वळूनही पाह्यलं नाई. टाकला मी भंगारात. तो विषय संपला.

आता मी आपलं क्लॅरिनेट कुठी वाजवून राह्यलो ते ऐका. ऊर्जानगरच्या रस्त्यावर एक क्लब आहे, तिथी दर शनिवारी सायंकाळी सहाले जाझ होते. जाझ म्हणजे काय, हे मलेही चार शनिवार समजलं नाई. सगळे मिळून एक चाल वाजवतात, मग एकेकाची बारी येते. आपल्या बारीत मनात येईल ते वाजवायचं, बाकीच्यांनी सांभाळून घ्यायचं, अन् शेवटी सगळ्यांनी पुन्हा त्याच चालीवर यायचं. (नवरदेवाचा मामा नाचायचा थांबत नाई तेव्हा आपण हेच करत होतो. तीस वर्षं जाझच वाजवला आपण, फक्त लाल कोट घालून.) हे सगळं दुर्गाबाई चालवते. शाळेत गणित शिकवते, इथी पियानोवर बसते. ड्रमवर जिशान, तो दिवसा फ्रिज दुरुस्त करते.

पहिल्याच शनिवारी माझी फजिती झाली. मले बसायले खुर्ची दिली! आता तुमीच सांगा, बॅण्डवाल्यानं कधी बसून वाजवलं का? माझी बारी आली, मी डोळे मिटले, अन् उठलो कधी, चालायले लागलो कधी, मले पत्ताच नाई. डोळे उघडले तर क्लबाच्या फाटकावर! मागं पाह्यलं तर जिशान छोटा ड्रम गळ्यात अडकवून, त्याच्यामागं दोन रिटायर इंजिनियर, त्यांच्या बायका, अन् दाताचे डॉक्टर हातात समोसा घेऊन, सगळे नाचत. कोलू नावाच्या चौकीदारानं फाटक सताड उघडलं होतं, रस्त्यावरचे दोन ट्रकही थांबवले होते, अन् मलेच विचारून राह्यला होता, "मास्टर, नवरदेव कुठी आहे?" आत दुर्गाबाई एकटी. तिचा पियानो वायरीले बांधलेला, ती कशी येईल? पण बाईनं ताल सोडला नाई. आम्ही माना खाली घालून परत आलो तेव्हा वाजवतच होती, फक्त चेहरा नापास पोरांचे पेपर तपासताना होते तसा. तेव्हापासून मी दुपट्ट्यानं आपला पाय खुर्चीच्या पायाले बांधतो. (लोकांले वाटते गुडघ्याचा इलाज आहे. वाटू द्या.)

पाय बांधला, पण मान कशी बांधू, भाऊ? माझा दम संपत आला की मी क्लॅरिनेट जरा वर उचलायचो अन् डावीकडं पाहायचो. तुमी तिथून सूर उचलायचे. माझा दम संपला, हे नवरीच्या बापालेही कधी समजलं नाई. दुसऱ्या शनिवारी मी सवयीनं तसंच उचललं, डावीकडं पाह्यलं. तिथी भिंत होती. सोळा मात्रा कोणीच काही वाजवलं नाई, नुसता जिशान हळूहळू ताल धरून. मले वाटलं, आता हाकलतात. तर लोकांनी टाळ्या वाजवल्या! दाताचे डॉक्टर म्हणे, "वा मास्टर, काय शांतता ठेवली!" मग दर शनिवारी मी तेवढी जागा रिकामी सोडायले लागलो. डावीकडं एक खुर्चीही मांडतो. न येता, न वाजवता टाळ्या घेणारे तुमीच पहिले.

सुरुवातीले खोटं लिहिलं, रामाजीभाऊ. मले तुमची लय याद येते. वाजवतानाच येते असं नाई, सायकल पुसतानाही येते, अन् कुठी वरात दिसली की मी गल्ली बदलतो.

सोमारीबाईले आशीर्वाद सांगा, गुडघ्याले तेल लावा.

दमानं थोडा कमी झालेला,
तुमचा जलालुद्दीन

ता. क. मागच्या शनिवारी विनोद नावाचा एक ट्रम्पेटवाला आला, पोस्टात आहे. त्याले कोणी काही सांगतलं नव्हतं. मी डावीकडं पाह्यलं, अन् त्या सोळा मात्रा त्यानं वाजवल्या. चांगल्या वाजवल्या, तेच तर वाईट. मी रागानं उठलो, दुपट्टा विसरलो, अन् खुर्चीसकट आडवा झालो. (त्यालेही टाळ्या पडल्या.) नंतर दुर्गाबाईनं बाजूले घेऊन विचारलं, "मास्टर, ती जागा कोणाची आहे?" मी तुमचं नाव सांगतलं. ती म्हणे, "मग त्यांनाच विचारा. येणार असतील तर ठेवते. नसतील तर विनोदला देऊ, बिचारा उभ्यानं वाजवतो." म्हणून हे पत्र. येत्या शनिवारपर्यंत कळवा.

ता. क. दुसरा. "येत नाई" असं लिहायचं असेल तर लिहू नका. तुमचं अक्षर वाचता आलं नाई म्हणून सांगीन अन् आणखी महिनाभर जागा धरून ठेवीन.

ता. क. तिसरा. भंगाराचंही खोटं आहे. पत्र ज्या पेटीवर चिकटवून बसच्या ड्रायव्हरसंगं पाठवलं, ती पेटी अजून उघडली नसेल तर उघडा. दोन वर्षं दर शुक्रवारी पुसला आहे, चाव्यांखालचे पॅडही नवे बसवले. आतापर्यंत शनिवारी त्या खुर्चीवर तो राहत होता. या शनिवारी तोही नाई. क्लॅरिनेट वर उचललं आहे, भाऊ. डावीकडं पाहून राह्यलो.