पत्रिकेतला मॅनेजर

जवळा बाजार,
दि. ९ नोव्हेंबर

ती. पुंजाजी दाजींना धम्मदीपचा सप्रेम जयभीम. शिलाताईला जयभीम, लेकरांना लाड.

तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या खेपेला तुम्ही हळदीचा लेप लावून बाजेवर पडला होता, आणि ताई म्हणत होती की हा गुडघा फक्त शेतात जायच्या वेळेलाच दुखतो. माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. इकडे आमचं झकास चाललंय. सपना बरी आहे, पोरगी दुसरीत गेली, घरावरचे पत्रे गळायचे थांबले (पाऊसच थांबला). फोन सोडून पत्र काहून, असं तुम्हाला वाटेल. दाजी, तुम्ही फोन घेतला की आधी स्पीकर लावता, आणि तो स्पीकर पुसेगावच्या एसटी थांब्यापर्यंत ऐकू जातो. आजची गोष्ट तशी थांब्यावर ऐकवण्यासारखी नाही.

तर आमच्या डाळ मिलचा पगार चार महिने बंद होता. मालक ग्यानबाशेठ वाईट माणूस नाही, हे आधीच लिहितो (तुम्ही पत्रं मोठ्याने वाचता, आणि त्यांचे व्याही तुमच्याच गल्लीत राहतात). उलट पगार न देण्याची त्यांची रीत इतकी मायेची आहे की मागणाऱ्यालाच लाज वाटावी. मी पगाराचं काढलं की ते आधी माझ्या पोरीचा अभ्यास विचारत, मग सपनाची कंबर, मग तुमचा गुडघासुद्धा. तोवर चहा येई. चहा संपला की मीच उठून पोती शिवायला जाई, आणि दुपारी आठवे की अरेच्चा, पगार राहिला. पहिल्या महिन्यात माल अडकला होता. दुसऱ्या महिन्यात बँकेची मशीन बंद होती. तिसऱ्या महिन्यात पितृपक्ष आला आणि पितृपक्षात घरातून पैसा बाहेर काढत नसतात, हे आम्हाला नव्यानेच समजलं. चौथ्या महिन्यात त्यांनी आम्हा सातही जणांना वजनकाट्याजवळ उभं केलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "बाबाहो, आपुन का मालक-नोकर हाओत? आपुन एक परिवार हाओत!"

आमची भागूबाई, जी डाळ निवडायला असते आणि जिचं तोंड जिभेपेक्षा लहान आहे, ती लगेच म्हणाली, "परिवार हाये तर मंग जेवाया काहून बलवत न्हाईत?" शेठ गडबडीत म्हणून गेले, "या की, कव्हाबी या." झालं. दुसऱ्या दिवशी भर बाराला आम्ही सातही जण त्यांच्या दारात हजर. शेठाणीबाई मोठ्या मनाची. एका शब्दाने विचारलं नाही, पंगत मांडली. गरम भाकरी, भरली वांगी, ठेचा, वर बुंदी. चौकीदार भीमसिंगने नऊ भाकरी मोडल्या आणि एका महिन्याचा हिशेब मिटला म्हणून जाहीर केलं. खरं सांगतो दाजी, फार समाधान वाटलं. मिलच्या फाटकाशी परत आल्यावर लक्षात आलं की पगार मागायला गेलो होतो.

मग मात्र भीमसिंग तापला. उद्यापासून काम बंद म्हणाला, आणि मीही (पोट भरलेलं असल्यामुळे) हो म्हणालो. पण भागूबाईची पोरगी पुनम हिंगोलीला वकिलीचं शिकते. तिने आम्हाला तिच्या अंगणात बसवून झाडलं. काम सोडाल तर तेच म्हणतील की ही माणसं पळून गेली. कामावर रोज जा, आपली हजेरी आपण वहीत लिहा, एकमेकांच्या सह्या घ्या, सगळे मिळून लेखी मागा आणि पोच घ्या, नाही दिलं तर कामगार अधिकाऱ्यांकडे चला. आम्ही तसंच केलं. (भीमसिंग हजेरीच्या वहीत आपण दुपारी काय खाल्लं तेही लिहायचा. पुराव्याला कमी पडायला नको, म्हणे.) शेठनी आमच्या अर्जावर पोच दिली नाही, चहा दिला. तेव्हा आम्ही हिंगोली गाठली.

तिथल्या अधिकारी बाई शांत होत्या. त्यांनी शेठनाही बोलावून घेतलं आणि आम्हाला एकच विचारलं, तुम्ही या मिलमध्ये कामाला आहात याचा कागद काय? दाजी, आठ वर्षं मी त्या मिलमध्ये पोती शिवतोय, पण कागद म्हणाल तर कपटासुद्धा नाही. पगार हातात, हजेरी तोंडी. आमची वही आमच्याच हातची. शेठ खुर्चीतून अगदी नम्रपणे म्हणाले, "मॅडम, ही मानसं कधीमधी येत्यात गाडी खाली कराया. म्या काही वळखत न्हाई." ज्या माणसाला माझ्या पोरीचे मार्क पाठ आहेत तो मला ओळखत नाही! मला खरंच रडू आलं. पैशापेक्षा तेच लागलं.

तेवढ्यात भागूबाईने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काढलं. शेठच्या पोराची, रुद्रची लग्नपत्रिका! दोन वर्षांपूर्वीची. तुम्हाला आठवत असेल, शेठला मोठेपणाची हौस. पत्रिकेच्या मागच्या पानावर "आपले विनीत" म्हणून दोन्हीकडचे काके-मामे झाल्यावर खाली मिलचं नाव टाकून "समस्त कामगार परिवार" छापला होता, आमच्या सातही जणांच्या नावांसकट. भागूबाईला वाचता येत नाही, पण जन्मात पहिल्यांदा नाव छापून आलं म्हणून तिने ती पत्रिका पेटीत, रेशनकार्डाखाली ठेवली होती. बाईंनी एकेक नाव मोठ्याने वाचलं आणि आम्ही शाळेतल्यासारखे हात वर केले. शेठ म्हणाले, प्रेसवाल्याची चूक. बाई म्हणाल्या, सातही नावं चुकून? शेठनी रुमाल काढला, घाम पुसला आणि त्यांना एकदम सगळ्यांची ओळख पटली. दोन महिन्यांचे पैसे त्याच दिवशी, बाकीचे पंधरा दिवसांत, असं लिहून सही केली. सहा जणांना पैसे मिळालेसुद्धा. भागूबाईने आल्याबरोबर पुनमची फी भरली.

सहा कोण, सातवा कोण, हे तुम्ही विचारणारच. सातवा मी. माझ्या नावापुढे कंसात छापलं होतं: मॅनेजर. बाईंनी ते वाचताच शेठच्या तोंडावर जी कळा आली ती मी विसरणार नाही. म्हणाले, "मॅडम, पगार वाटनं मॅनेजरचंच काम असतंय. ह्यालाच इचारा!" आणि सहाच्या सहा जणांनी माझ्याकडे वळून पाहिलं. भीमसिंगने तर मान हलवली, की बघा, घरातच चोर. मग मला सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं. पत्रिका छापायला शेठनी मलाच पाठवलं होतं. पाचशे पत्रिका साध्या छापल्या, आणि प्रेसवाल्याला खिशातून दोनशे रुपये देऊन पंचवीस जास्तीच्या, माझ्या नावापुढे मॅनेजर टाकून. त्या सपनाच्या माहेरी आणि तुम्हाला पाठवायच्या होत्या. कामगारांसाठी काढलेला साध्यांचा गठ्ठा आणि हा, दोन्ही पिवळ्या दोऱ्यात बांधलेले, अदलाबदल झाली. मॅनेजरचा गठ्ठा कामगारांत वाटला गेला. (भागूबाईने फक्त स्वतःचं नाव वाचून घेतलं होतं, बाकीच्यांनी जेवणाची वेळ.) बाई खूप हसल्या, चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाल्या, मॅनेजर न लिहिलेली एक पत्रिका आणा, तुमचंही मिटवू. मिलमध्ये आता सगळे मला मॅनेजरसाहेब म्हणतात, शेठसुद्धा, आणि चहा मला आधी मिळतो. एकूण बरं चाललंय.

कळावे, लोभ आहेच. ताईने गुडघ्याचं मनावर घेऊ नये.

तुमचा मेव्हणा,
धम्मदीप

ता. क. : गावात घरोघर फिरलो; दोन वर्षांची पत्रिका कुणी ठेवलेली नाही. प्रेसवाला दुकान बंद करून नांदेडला गेला. पण आपली शिलाताई स्वतःच्या लग्नापासूनच्या सगळ्या पत्रिका तारेत ओवून ठेवते. गठ्ठे बदलले म्हणजे तुमच्याकडे साधीच आली असणार. तुम्ही मला एकदाही मॅनेजर काहून म्हटलं नाही, त्याचं कारण मला आत्ता कळलं; दोन वर्षं मी तुमच्यावर उगाच रुसलो होतो, माफी असावी. तेवढी पत्रिका काढून गुरुवारच्या आत पाठवा. माझे चार महिने तिच्यावर अडकलेत. सपनाला अजून सांगितलेलं नाही.

ता. क. दुसरा : समजा तुमच्या पत्रिकेवरही मॅनेजर निघालंच, तर पाठवू नका. फक्त ताईला जवळ बसवून ते नाव एकदा मोठ्याने वाचून दाखवा, स्पीकर लावल्यासारखं. तिच्यासाठीच छापलं होतं.