खुणेवरचा रंग

शिरूर,
ता. ११ मार्च १९७३, रविवार

चि. चांगदेव यास सावळाराममामाचा जयभीम आणि आशीर्वाद.

इकडं मी आणि तुझी मामी ठीक आहोत. मागच्या दोन पत्रांचं उत्तर आलं नाही, म्हणून पत्ता चुकला असेल असं वाटलं आणि भैरूकडून परत लिहून घेतला. तो म्हणाला, चांगदेव दौंडात मालधक्क्यावर वॅगनीतला कोळसा उतरवतो. मी म्हटलं, "हॅट्, त्याच्याकडं आयटीआयचा कागद आहे." तर म्हणतो, "कागद पेटीत हाय मामा, पाटी डोक्यावर हाय." भैरूची जीभ तुला माहीतच आहे. त्याचं मी मनावर घेत नाही.

पाण्याचं काही विचारू नकोस. सोसायटीचे तीन टँकर दिवसरात्र पळतात तरी निमोण्याच्या बाया हंड्यांची रांग मोडत नाहीत. चौथा टँकर, तुला माहीत आहे तो, वर्कशॉपच्या मागं तसाच उभा आहे. बॉनेटखाली कुणाची तरी कोंबडी अंडी घालते. मारुतराव ड्रायव्हर कधीमधी कुबडी टेकत येतो, त्या गाडीकडं पाठ करून बसतो आणि चहा पिऊन जातो.

नवीन फोरमन आला आहे, पुण्याचा, डिप्लोमावाला. मनुष्य चांगला आहे. परवा मला विचारू लागला, "मामा, त्या टँकरचा शाफ्ट तुटून वर कसा आला?" मी तीन काठ्या घेतल्या. टोकांना पट्टीची बेचकी बांधली, बेचक्यांत खिळ्याचे क्रॉस घातले आणि त्याला दाखवलं. गिअरबॉक्स वर, आक्सल खाली, मधला शाफ्ट तिरका. तिरक्यातून फिरणं पोचवायचं तर जॉइंट पाहिजेच. पण एकटा जॉइंट लबाड असतो. अलीकडची काठी एकसारखी फिरते आणि पलीकडची एका फेऱ्यात दोनदा पळते, दोनदा रेंगाळते. बाई जातं ओढताना हात जवळ येतो तेव्हा एक जोर आणि लांब जातो तेव्हा दुसरा, तसं. म्हणून दुसरा जॉइंट लावायचा. पहिला पळाला की दुसरा रेंगाळतो, पहिला रेंगाळला की दुसरा पळतो, आणि चाकाला बिचाऱ्याला काही कळतसुद्धा नाही. मात्र मधल्या शाफ्टची दोन्ही बेचकी एका ओळीत हवीत. शाफ्ट दोन तुकड्यांचा, दात्यांत दाते सरकवून जोडायचा. जोडताना दोन दाते चुकले की एकाची खोड दुसरा मोडत नाही, दोघं मिळून गाडी हलवतात. क्रॉस झिजतो, एक दिवस तुटतो, आणि सुटलेला शाफ्ट केबिनचा पत्रा फाडून वर येतो. तिथं मारुतरावाचा पाय होता.

फोरमन बघतच राहिला. म्हणाला, "हे आम्हाला पुस्तकात होतं, पण काठ्यांत नव्हतं." मग म्हणाला, "शाफ्ट सोडताना दोन्ही तुकड्यांवर खूण करत नव्हता का तुम्ही?" मी म्हटलं, चांगदेव करायचा, पंचनं ठिपके मारायचा आणि वर पांढरा पट्टा ओढायचा. "मग त्या वेळी खूण का चुकली?" मी म्हटलं, जुनी मिलिटरीची गाडी, काय काय होतं. तेवढ्यात चहा आला.

तुझी मामी रोज विचारते, पोरगं जेवतं का वेळेवर. तुझ्या आईस, ताईबाईंस, नमस्कार सांग. कमिटीनं तुला काढलं त्या दिवशी नीट बोलणं झालं नाही, ते राहून गेलं. दोन ओळी टाक.

तुझा,
सावळाराममामा


दौंड,
ता. २३ मार्च १९७३

मा. सावळाराममामा यांस जयभीम.

तुमची तिन्ही पत्रं पोचली. पत्ता बरोबरच होता.

कोळसा उतरवतो हे खरं आहे. इथं जवळच्या एका कारखान्याच्या गॅरेजात फिटरची जागा निघाली आहे. हातकामाची परीक्षा झाली, तीत मी पहिला आलो. आता आधीच्या कामाचा दाखला मागतात. सोसायटीच्या दाखल्यावर "हलगर्जीपणामुळे कामावरून कमी केले" असं आहे. तो वाचून याआधी दोन ठिकाणी मला दारातूनच परत पाठवलं.

मी नागपूरहून आलो तेव्हा शाफ्टचे तुकडे जोडलेले होते. मी विचारलं, खुणा कुठं आहेत? तुम्ही म्हणालात, "मी बघितलंय, चढव." मी चढवला आणि रजिस्टरला सही केली. हे मी कमिटीपुढं सांगितलं तेव्हा तुम्ही छताचे पत्रे मोजत होता.

एवढंच कमिटीला लिहून द्या आणि दाखला बदलून घ्या. ५ एप्रिलच्या आत पाहिजे. काठ्यांचं मला लिहू नका. ते मला येतं.

चांगदेव


शिरूर,
ता. ८ एप्रिल १९७३

चि. चांगदेव,

पाच तारीख गेली. हे आधीच लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तुला उगाच आशा लागायला नको.

तुझं कार्ड आलं त्या दिवशी मी ते तुझ्या मामीला वाचून दाखवलं. तुझी शेवटची ओळ वगळून वाचलं. तिनं कार्ड हातात घेतलं, तिला वाचता येत नाही तरी उलटसुलट करून बघितलं, आणि विचारलं, "व्हय का हो, तुम्ही जोडलावता?" मी म्हटलं, हो. ती उठून आत गेली. पाच महिने त्या एका शब्दासाठी मी तुला पत्रं लिहीत होतो आणि दर पत्रात पाण्याचं लिहून पुढं जात होतो.

आता सगळं सरळ लिहितो. तू दसऱ्यासाठी नागपूरला गेलास. जाताना क्रॉस बदलायला शाफ्ट उतरवून ठेवला होतास. ठिपके होते, पांढरा पट्टाही होता, मी पाहिला होता. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पूजेला सगळी हत्यारं मांडायची, म्हणून मी शाफ्टचे दोन तुकडे वेगळे केले, तारेच्या ब्रशानं घासले आणि रुपेरी रंग दिला. चांगले दोन हात दिले. पट्टा ब्रशाखाली गेला, ठिपके रंगानं बुजले. हळदकुंकू लावून सगळ्यात पुढं तोच शाफ्ट मांडला, चेअरमन म्हणाले, "वा मामा, नवरदेव केलाय." पूजा झाल्यावर मी तुकडे जोडले ते अंदाजानं. रॉकेलचा बोळा घेऊन रंग पुसला असता तर ठिपके निघाले असते. पाव तासाचं काम होतं.

ते का केलं नाही, हे मी स्वतःलाच नीट सांगत नव्हतो. तीस वर्षं लोक म्हणत आले, सावळारामच्या हाताला डोळे आहेत. ते ऐकायची मला चटक लागली होती. तू आलास आणि जे ते उतरवण्याआधी पंच घेऊन ठक् ठक् खुणा करू लागलास. मी तोंडावर शाबास म्हणायचो, पण मला त्याचा राग यायचा. वाटायचं, ज्याचा हातावर भरवसा नाही तो खुणा करतो. तू खुणा कुठं आहेत म्हणून विचारलंस तेव्हा तो राग बोलला. तुझ्या ध्यानात आलं होतं, मला ठाऊक आहे. तू शाफ्टकडं बघितलंस, मग माझ्याकडं, आणि माझं वय बघून गप्प बसलास.

आणखी एक गोष्ट तुला माहीत नाही. गाडी रस्त्यावर गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मारुतराव माझ्याकडं आला होता. "मामा, गाडी बुडाखाली थरथरतीया." मी गाडीखाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही. म्हटलं, टाकीतलं पाणी हेलकावतं. दोन दिवसांनी परत आला, "रिकामी असली तरी थरथरतीया." म्हटलं, रिकाम्या टाकीचा पत्रा वाजतो. पाचव्या दिवशी निमोण्याच्या अलीकडं चढावर शाफ्ट वर आला.

कमिटीनं मला एकच विचारलं, शाफ्ट कुणी चढवला? मी म्हटलं, चांगदेवनं. त्यांनी जोडला कुणी हे विचारलं नाही, आणि मला ते बरं वाटलं. मग बाहेर पारावर बोलणं सुरू झालं, की यंत्राची पूजा सोडून नागपूरला गेला म्हणून गाडी कोपली. पूजेला पुढं तर मीच होतो. हातानं रंगवून मांडला होता. तरी मी तिथं बसून सुपारी कातरत राहिलो.

असो. तुझं कार्ड घेऊन मी चेअरमन सर्जेरावांकडं गेलो. त्यांनी खुर्ची दिली.

"मामा, उन्हाचं बाहेर पडू नका या वयात."

मी म्हटलं, "शाफ्ट मी जोडला होता. दाखला बदलून द्या."

ते हसले. "आता कशाला? मिटलं ना ते! जूनमध्ये तुम्हाला शालनारळ द्यायचा ठराव झालाय. ते घ्या आन् निवांत बसा."

"पोराची जागा चाललीय."

"दाखला बदलला म्हंजी कमिटी चुकली असं होतं. आन् त्याचं एवढं काय? त्यांच्यातल्यांना सरकार देतंयच की."

इथं मी उठून उभं राहायला पाहिजे होतं. मी बसल्या बसल्या म्हटलं, "असं बोलू नये." त्यांनी पंख्याची दिशा माझ्याकडं केली. बस, एवढंच झालं.

मग मी घरी येऊन माझ्या अक्षरात कबुली लिहिली आणि साक्षीसाठी मारुतरावाकडं गेलो. त्यानं ती ओळीवर बोट ठेवून वाचली. वाचून झाल्यावर कितीतरी वेळ पायाच्या खुंटावरचं फडकं नीट करत बसला. मला वाटलं, आता हा कुबडी मारणार. तो म्हणाला, "पाणी हेलकावतं म्हणाला होता मला." मी म्हटलं, हो. "पाच महिनं मी चांगदेवाच्या आईबापाचा उद्धार केला, मामा. रोज. पाय ठणकला की त्याचं नाव घ्यायचो. ते आता कुणाकडनं माघारी घेऊ?" त्यानं सही केली आणि म्हणाला, "आता माझ्या दारात येऊ नका."

पाच तारखेला सकाळच्या एसटीनं दौंडला आलो होतो. तुला कुणी सांगितलं असेल, नसेल. गॅरेजच्या ऑफिसात कागद दिला. तिथल्या कारकुनानं दोनदा वाचला, चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "बाबा, तुमचं मन मोठं आहे, पण शिक्का कुठं आहे?" मन मोठं म्हणाला. ते मला थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

तिथून तुझ्या खोलीवर गेलो. ताईबाई दारात तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी हात थांबवला नाही. एवढंच विचारलं, "मग त्याच दिवशी का न्हाई बोलला?" मामीनं दिलेली शेंगदाण्याची चटणी मी पुढं केली. "ठिवा तितं. पोरगं खाईल का न्हाई, त्याचं त्यो बघल." पाणी मात्र दिलं. मी उभ्यानं प्यालो.

आणि मग मालधक्क्यावर आलो. तुला पाहिलं. वॅगनीच्या फळीवरून तू पाटी घेऊन उतरत होतास, तोंडाला फडकं बांधलेलं, तरी चाल ओळखू आली. माझ्यात आणि तुझ्यात वीस पावलांचं अंतर असेल. कागद माझ्या खिशात होता. तू पाटी रिकामी केलीस, फडकं खाली ओढून श्वास घेतलास, आणि मी खांबाआड झालो. कमिटीपुढं एकदा गप्प बसलो, तिथं दुसऱ्यांदा. साडेचारच्या गाडीनं परत आलो.

सहा तारखेपासून वर्कशॉपात कामाला जात नाही. शालनारळाचा ठराव मोडा असं लिहून दिलं आहे. कबुलीची एक नक्कल वर्कशॉपच्या दाराला खळीनं चिकटवली होती, दुपारपर्यंत कुणीतरी फाडली. दुसरी लावली, तीही गेली. आज तिसरी लावून आलो. फोरमन बघत होता. सर्जेरावांचा माणूस येऊन म्हणाला, "मामा, म्हातारपणी हसं करून घेताय." करून घेतोय. रोज एक लिहून होते माझी, अक्षरही सुधारतंय.

मूळ कागद या पत्रासोबत पाठवतो. यावर शिक्का नाही. साक्षीदार एकच आहे, आणि तो मला तोंड दाखवू नका म्हणतो. याच्या जोरावर तुला कुठं काम मिळेल असं मी म्हणत नाही. तो ठेव, फाड, चुलीत घाल. मला माफ कर असं यात कुठं लिहिलेलं नाही, ते शोधू नकोस. तुझ्याकडून आणखी काही घ्यायचं माझ्यात राहिलेलं नाही.

कमिटीनं न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तेवढं खाली लिहितो.

शाफ्ट जोडणारा,
सावळाराम विठू, मिस्त्री