गव्हर्नरचं छत

हॅम्बर्ग, शनिवार
नोव्हेंबर २००६

प्रिय दादा,

रोज फोनवर बोलणारी बहीण आज पोस्टाने पत्र का पाठवतेय, म्हणून चक्रावला असशील. कारण आहे, शेवटी सांगते. तू मेल वाचताना थेट शेवटच्या ओळीवर उडी मारतोस, तशी इथे मारू नकोस.

आधी माझ्या गव्हर्नरसाहेबांबद्दल. विद्यापीठाच्या संग्रहात सध्या मी आफ्रिकेतल्या एका जुन्या जर्मन वसाहतीच्या पत्रव्यवहाराची सूची करतेय. ते हस्ताक्षर वाचून डोळे शिणतात आणि मजकूर वाचून डोकं. इस्पितळ गळतंय, पावसाआधी नवं छत घालायला मंजुरी द्या, असं गव्हर्नर बर्लिनला लिहितो. बोटीला जायला काही आठवडे, यायला काही आठवडे. बर्लिन विचारतं, आधीचं छत का टिकलं नाही? हा कारण कळवतो. बर्लिन म्हणतं, नकाशा जोडलेला नाही. नकाशा जातो, तर आणखी प्रती हव्यात. तोवर पाऊस पडूनही गेलेला. वाचताना मला सारखा तुझाच आवाज ऐकू यायचा. रागावू नकोस, पण तिकडे जर्मनीच्या दक्षिण टोकाला, त्सुफेनहाउझेनमध्ये बसून तू तरी दुसरं काय करतोस?

आई गेल्यावर अण्णांना तीन महिन्यांच्या व्हिसावर माझ्याकडे आणलं. पुढे मुदतवाढ घ्यायची, त्यांचं परतीचं तिकीट रद्द करायचं, कराडचं घर भाड्याने द्यायचं, हे सगळं तू ठरवलंस. परदेशी लोकांच्या त्या कचेरीत, आउसलेंडरआम्टच्या रांगेत मात्र मी. तिथून वैतागून फोन करावा, तर तू जर्मनांसारखा 'आल्झो', म्हणजे 'तर मग', अशी सुरुवात करून म्हणणार, मुद्देसूद मेल कर. मेल केली की विचारणार, गुडघ्याचं सर्टिफिकेट कुठल्या डॉक्टरचं, शिक्का नीट उमटलाय का, वकिलाला कॉपी पाठवलीस का. अण्णांना थंडी सोसत नाही असं लिहिलं, तर तू खोलीचं तापमान विचारलंस. त्यांना करमत नाही असं लिहिलं, तर मराठी चॅनेलसाठी डिश बसवून घे म्हणालास. आमचा वेदांत त्यांचं सगळं समजून घेतो आणि उत्तर जर्मनमध्ये देतो. अण्णा मान डोलावतात.

गेल्या रविवारी जेवताना मी त्यांना गव्हर्नरची हकीकत सांगितली. वाटलं, माझ्या बाजूने हसतील. त्यांनी विचारलं, त्या इस्पितळात रोगी किती होते? तेव्हा आठवलं, एका पत्राच्या समासात गव्हर्नरने लिहिलंय की इथले लोक इस्पितळात येत नाहीत, कारण कळत नाही. दोन्हीकडून एवढा कागद खर्च झाला, पण त्या लोकांना कुणी विचारल्याची एकही ओळ नाही. हे ऐकून अण्णा भात कालवता कालवता म्हणाले, "तुम्ही दोघं फार छान पत्रव्यवहार करता गं. छत ज्याच्या डोक्यावर घालायचं, त्याला विचारायचं तेवढं राहिलं."

मग विचारलं. त्यांना कराडला जायचं होतं. गुडघा तिथेही दुखेल, पण दुखतोय हे सांगायला श्रीनाथकाका शेजारी आहेत, म्हणाले. इतके दिवस बोलले नाहीत, कारण मला वाईट वाटेल आणि तू रागावशील.

तुला फोन लावला होता मी. वाजायच्या आत ठेवला. तू प्रश्न विचारले असतेस. काळजीपोटीच विचारले असतेस, ठाऊक आहे मला. त्या प्रश्नांची उत्तरं देत मी बसले असते, आणि अण्णा खिडकीशी शाल गुंडाळून बसले असते.

गव्हर्नरकडे तारेची सोय होती, दादा. किरकोळ गोष्टी तो तारेने कळवायचा. शेवटी छत घालायचं ठरवलं, तेव्हा मात्र त्याने मुद्दाम बोटीने पत्र पाठवलं. बर्लिनचा नकार पोचला तेव्हा छत घालून झालं होतं. माझ्याकडेही फोन आहे. सोमवारपर्यंत तो बंद असेल. तिकीट मी रद्द केलंच नव्हतं, आणि कराडचं घरही अजून कुणाला भाड्याने दिलेलं नाही. अण्णांचं विमान आत्ता सुटलं. व्हीलचेअरवरून आत जाताना त्यांनी मागे वळून हात केला, आई गेल्यापासून एवढे खुशीत मी त्यांना पाहिलं नव्हतं. मी विमानतळावरच बसून लिहितेय, टपालाची पिवळी पेटी समोर आहे. हे तुझ्या हातात पडेल तेव्हा ते श्रीनाथकाकांबरोबर चहा पीत असतील. मला नंतर हवं तेवढं रागाव. आधी त्यांना फोन कर, आणि सूचना देऊ नकोस. आज काय खाल्लंत, एवढंच विचार.

तुझीच,
वल्लरी